स्मिता पाटील, १९८२ : एका निर्णयाचा अभ्यास

१९८२ साली स्मिता पाटीलचे जे चित्रपट पडद्यावर आले, त्यांतले पाच नुसते ओळीने लिहिले तरी पेच समोर उभा राहतो. 'उंबरठा', 'बाजार', 'अर्थ', 'शक्ती' आणि 'नमक हलाल'. 'उंबरठा'त ती महिला सुधारगृहाची अधीक्षक सुलभा महाजन. 'बाजार'मध्ये लग्नाच्या आशेवर जगणारी आणि त्यापायी एका कोवळ्या मुलीच्या सौद्यात हातभार लावून बसलेली नजमा. 'अर्थ'मध्ये दुसरीचा नवरा आपला केलेली आणि त्या अपराधाने आतून पोखरत गेलेली कविता. 'शक्ती'त दिलीपकुमार आणि अमिताभ बच्चन या बापलेकांच्या झुंजीत उभी असलेली रोमा. आणि 'नमक हलाल'मध्ये पुन्हा अमिताभची नायिका. त्यातलं भर पावसातलं गाणं आजही कुठल्याही गावच्या लग्नात बँडवाले वाजवतात.

वय सत्तावीस. 'भूमिका' आणि 'चक्र' या दोन चित्रपटांसाठी मिळालेले दोन राष्ट्रीय पुरस्कार घरात. समांतर सिनेमात तिच्या तोडीच्या नट्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. अशा बाईने धंदेवाईक सिनेमाचं दार का ठोठावलं? तिने ते करायला नको होतं का? आणि केलं त्याचं काय झालं?

हे प्रकरण मी आमच्या तालुक्याच्या कॉलेजात नाटक-सिनेमाच्या वर्गात घेते. मुलं धुळे, शिरपूर, दोंडाईचा, नंदुरबार या बाजूची. विषय निघाला की मागच्या बाकावरून एक वाक्य हमखास येतं : "ती ते आपली शिरपूरनी पोर शे!" त्या वाक्यातला अभिमान मला मनापासून आवडतो. पण अभिमानावर थांबलं तर अभ्यास होत नाही. म्हणून सुरुवात तिथूनच करू, ती खरोखर कुठली होती यापासून.

घर

जन्म पुण्याचा, १७ ऑक्टोबर १९५५. घराणं मात्र खान्देशाचं. वडील शिवाजीराव गिरधर पाटील स्वातंत्र्यलढ्यातले कार्यकर्ते, समाजवादी विचारांचे, शिरपूरच्या राजकारणातलं आणि सहकारी साखर कारखानदारीतलं मोठं नाव. राज्यात मंत्री झाले, २०१३ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. आई विद्याताई परिचारिका, आणि नोकरीच्या पलीकडे समाजकार्यात बुडालेल्या. या घरावर राष्ट्र सेवा दलाचा संस्कार होता. साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिकवून गेले त्या मातीत सेवा दल म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. शाखा, समूहगीतं, कलापथक, गावोगाव फिरून लोकांसमोर उभं राहणं. स्मिताही त्यातून गेली.

मी या गोष्टीला फार महत्त्व देते. कलापथकात नट आणि मांडव घालणारा असा भेद नसतो. ज्याने गाणं म्हटलं तोच सतरंजी उचलतो. पुढे तिच्याबरोबर काम केलेली माणसं सांगत राहिली की ती शूटिंगच्या वेळी युनिटमधल्या कुणाहीजवळ जाऊन बसायची, तिला वेगळी खुर्ची लागत नसे. याचं मूळ मला तिच्या स्वभावाइतकंच या शिस्तीत दिसतं.

बातम्या

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. थोड्याच काळात स्मिता तिथे मराठी बातम्या देऊ लागली. तिचे काही फोटो केंद्रातल्या वरिष्ठांच्या नजरेस पडले आणि तिला बोलावणं गेलं, ही हकीकत अनेकांनी सांगितली आहे. जीन्सवरच साडी गुंडाळून ती कॅमेऱ्यासमोर बसायची, हीसुद्धा.

वर्गात मुलं हा भाग पटकन ओलांडायला बघतात, कारण बातम्या वाचणं त्यांना अभिनय वाटत नाही. मी तिथेच थांबवते. कृष्णधवल पडदा, छातीपर्यंतची चौकट, हात दिसत नाहीत, मान फार हलवायची नाही, भुवया उंचवायच्या नाहीत. दुष्काळाची बातमी असो नाहीतर क्रिकेटची, आवाज एका पातळीवर. आणि तरीही घरातल्या माणसाने काम सोडून पडद्याकडे बघायला हवं. चेहऱ्याने काहीही न करता चेहरा बघण्याजोगा ठेवणं, ही तालीम तिला रोज मिळाली. रंगमंचावरून सिनेमात आलेल्यांना जे विसरावं लागतं, ते तिला विसरावं लागलं नाही. तिला सिनेमात आणणारे दिग्दर्शक श्याम बेनेगल यांनी तिला आधी दूरदर्शनवरच पाहिलं, यात मला योगायोग वाटत नाही.

आणखी एक. ती सावळी होती. हिंदी सिनेमाच्या नायिकेचा रंग तेव्हा ठरलेला होता, आणि आमच्या भागातल्या लग्नाच्या बाजारात तो आजही ठरलेला आहे. मुली हा मुद्दा स्वतःहून काढतात, मला काढावा लागत नाही.

१९७५ ते १९८१

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधला अरुण खोपकरांचा पदविका चित्रपट 'तीव्र मध्यम' ही तिची सुरुवात. मग बेनेगलांचे 'चरणदास चोर', 'निशांत', 'मंथन', 'भूमिका'. मराठीत जब्बार पटेलांचे 'सामना' आणि 'जैत रे जैत'. गुजरातीत केतन मेहतांचा 'भवनी भवाई'. बंगालीत मृणाल सेन यांचा 'अकालेर संधाने', ज्यात दुष्काळावर सिनेमा काढायला खेड्यात आलेल्या मंडळींतली ती एक नटी आहे आणि पात्राचं नावही स्मिताच आहे. सत्यजित राय यांनी प्रेमचंदांच्या कथेवरून दूरदर्शनसाठी केलेला 'सद्गती', त्यात ओम पुरीच्या दुखीची बायको झुरिया.

एवढं सगळं सांगून झालं की मुलं म्हणतात, "बापरे, किती वेगवेगळ्या भूमिका!" मला त्यांना दुसरं काही दाखवायचं असतं. या सगळ्यांत ती स्वतःचा चेहरा कधी लपवत नाही. रंगभूषा करून ओळखू न येणारी बाई होणं हा तिचा मार्गच नाही. बदलतं ते काम करायची पद्धत. बाई कशी बसते, पदर कुठे खोचते, ओझं डोक्यावर असताना मान कशी धरते, कुणी अधिकाराने बोललं तर नजर कुठे वळवते. 'मंथन'चं शूटिंग राजकोटजवळच्या सांगणवा गावात चाललं होतं. बघायला आलेल्या लोकांनी विचारलं, हिरोईन कोणती? गावच्या बायकांत बसलेल्या स्मिताकडे बोट दाखवलं तर त्यांना ते खरं वाटेना, अशी आठवण सांगितली जाते. त्या चित्रपटासाठी गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले होते. ज्यांच्या पैशातून चित्रपट उभा राहिला त्यांच्यातलीच ती वाटली, याहून मोठी पावती मला सुचत नाही.

'भूमिका' हे याच पद्धतीचं टोक. हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावर आधारलेला चित्रपट, आणि स्मिता बाविशीच्या आतबाहेर. एका नटीचं लहान वयातलं कोवळेपण, मधली घुसमट आणि पुढचा थकवा तिने एकाच चित्रपटात उभा केला. पहिला राष्ट्रीय पुरस्कार त्यासाठी.

'चक्र'चं पोस्टर

आता पेचाच्या गाभ्याशी येऊ. माझ्या मते १९८२ समजून घ्यायचं तर आधी १९८१ चा 'चक्र' पाहावा लागतो, आणि त्याहीपेक्षा त्याची जाहिरात.

जयवंत दळवींच्या कादंबरीवरून रवींद्र धर्मराज यांनी केलेला हा चित्रपट. मुंबईची झोपडपट्टी. स्मिता त्यातली अम्मा. झोपडीबाहेर, उघड्यावर ती अंघोळ करते असा एक प्रसंग आहे. झोपडपट्टीत बाईला आडोसा नसतो, एवढंच तो प्रसंग सांगतो. येणारेजाणारे थांबत नाहीत, कारण तिथे ते रोजचं आहे. वितरकांनी मात्र नेमकं तेच चित्र उचललं आणि पोस्टरवर लावलं. स्मिता याने दुखावली. तिने ते उघडपणे बोलूनही दाखवलं.

पोस्टरपाशी मी वर्गात बराच वेळ घालवते. तोच देह, तीच ओली साडी, तोच क्षण. चित्रपटाच्या चौकटीत तो एका बाईच्या जगण्याचा पुरावा आहे, भिंतीवर चिकटवला की तो माल झाला. म्हणजे कलात्मक चित्रपटात राहिल्याने तिची विटंबना टळली नव्हतीच. बाजार तिथेही होता, फक्त त्या बाजारात तिच्या हातात काही नव्हतं. अटी घालायची ताकद नव्हती, पैसा तर नव्हताच.

दुसरीकडे, मधली काही वर्षं तिने मोठ्या बॅनरचे चित्रपट नाकारले होते. ज्यांच्यासाठी ती थांबली ते छोट्या बजेटचे दिग्दर्शकही हळूहळू नावाजलेल्या चेहऱ्यांकडे वळू लागले. चित्रपटाला वितरक मिळायचा तर नाव लागतं, हे त्यांचंही दुखणं खरंच होतं. सरकारी वित्त महामंडळाच्या पैशात चित्रपट तयार होई, पण तो थिएटरपर्यंत पोचवणं ही वेगळीच लढाई. स्मिताने मुलाखतींतून याबद्दलची खंत बोलून दाखवली होती. नाव लागतं तर नाव कमावते, असा तिच्या म्हणण्याचा रोख होता.

हे वाचून दाखवलं की वर्ग दोन तटांत विभागला जातो.

वर्गातला वाद

प्रश्न मी असा ठेवते : तुम्ही तिच्या जागी आहात. 'उंबरठा'चं काम हातात आहे. 'नमक हलाल' समोर आलाय. घेणार का?

मुलगे बहुतेक लगेच "घेणार" म्हणतात. अमिताभसमोर काम मिळतंय, विचार कसला करायचा. मुली जास्त वेळ घेतात. पावसातल्या गाण्यानंतर स्मिता घरी येऊन रडली होती अशी हकीकत सांगितली जाते, आणि ती ऐकल्यावर काही जणींचं मत फिरतं. एका मुलीने विचारलं होतं, "मॅडम, जे करून रडू येतं ते काम निवडायचंच कशाला?" तिच्या शेजारी बसलेलीने तिला उत्तर दिलं : "माझी माय रोज मिरचीच्या पथारीवरून येऊन हातांच्या आगीने रडते. म्हणून काय काम सोडती का ती?"

नंदुरबारच्या बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे ओली लाल मिरची बाजार समितीत येते आणि व्यापारी ती गावाबाहेरच्या मोकळ्या जागांवर वाळायला पसरतात. त्या जागा म्हणजे पथारी. लांबून बघितलं तर जमीनच लाल दिसते. बायका तिथे दिवसभर उन्हात बसून मिरची उलथतात, देठ खुडतात, डागी मिरची बाजूला काढतात. नाकातोंडाला पदर किंवा रुमाल बांधलेला असतो तरी ठसका चुकत नाही. संध्याकाळी हातांची अशी आग होते की तान्ह्या लेकराला लगेच जवळ घेता येत नाही.

त्या मुलीच्या उत्तरानंतर वर्गात बराच वेळ कुणी बोललं नाही. मला मात्र त्यात फरक करावासा वाटतो, आणि मी तो केला. पथारीवरच्या बाईला निवड नसते. स्मिताला होती. म्हणूनच तिचा निर्णय तपासता येतो. पण त्या मुलीने एक गोष्ट अचूक पकडली होती : कामाचा त्रास होतो म्हणून ते काम खोटं ठरत नाही.

माझं स्वतःचं मत सांगते. निर्णय बरोबर होता. एक तर, 'भूमिका' आमच्या भागातल्या किती जणांनी तेव्हा थिएटरात पाहिला असेल? यात्रेतल्या तंबूत आणि तालुक्याच्या टॉकीजला लागायचा तो 'नमक हलाल', लागायचा तो 'शक्ती'. स्मिता पाटील नावाची बाई खान्देशातल्या बायकांपर्यंत पोचली ती या चित्रपटांतून, आणि मग तिच्या नावामुळे त्यांनी दूरदर्शनवर पुढे जे लागलं ते पाहिलं. दुसरं, तिने दुसरं दार उघडताना पहिलं बंद केलं नाही. 'उंबरठा' आणि 'नमक हलाल' एकाच वर्षात आहेत हा योगायोग नाही, ती तिची पद्धतच होती.

किंमत मात्र पडली, आणि ती मी झाकत नाही. 'शक्ती' पुन्हा बघा. चित्रपट मोठा, पण रोमाच्या वाट्याला आलेलं काम तिच्या ताकदीच्या मानाने थोडकं. दोन पुरुषांच्या भांडणात ती बहुतेक वेळ वाट बघत उभी असते. नंतरच्या काही व्यावसायिक चित्रपटांत तर तिने काय पाहून होकार दिला असेल असा प्रश्न पडतो. १९८५ चा 'आखिर क्यों' त्यातला वेगळा. नवऱ्याने टाकलेली आणि स्वतःच्या पायावर उभी राहिलेली बाई त्यात आहे, आणि तो चाललाही.

'उंबरठा' मधोमध

पाचांपैकी 'उंबरठा' मला सर्वांत जवळचा. शांता निसळ यांची 'बेघर' ही कादंबरी, तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, आणि हिंदीत 'सुबह' या नावाने तोच चित्रपट. सुलभा शिकलेली, खात्यापित्या घरची. नवरा वकील, वाईट माणूस नाही. सासू समाजकार्यातली. छळ कुणीच करत नाही. तरीही ती लेकीला घरी ठेवून दूरच्या सुधारगृहात नोकरीला जाते. तिथे भ्रष्ट कारभार, दडपण, बाहेरून येणारी बडी माणसं. परत येते तेव्हा घरातली तिची जागा भरून निघालेली असते. ती पुन्हा बाहेर पडते.

आमच्या भागात हा चित्रपट दाखवला की चर्चा अभिनयावरून पटकन घसरते आणि लेकीला सोडून जाणारी आई चांगली की वाईट यावर येते. मी त्यांना अडवत नाही, कारण स्मिताने भूमिका तशीच केली आहे. ती कुठेही प्रेक्षकाची माफी मागत नाही. निघताना डोळ्यांत पाणी आणून आपली बाजू सोपी करून घेत नाही. बातम्यांच्या टेबलावर शिकलेला तो स्थिर चेहरा इथे कामी आला आहे, आणि म्हणूनच बघणाऱ्याला स्वतः निर्णय घ्यावा लागतो.

आता हीच बाई त्याच वर्षी पावसात नाचते. दोन्हींत ती खोटी वाटत नाही. मुलांना मी विचारते, याचं कारण काय? ज्याला उत्तर सापडतं त्याला अष्टपैलू नट म्हणजे काय ते कळलं असं मी मानते. माझं उत्तर असं की, सुलभाच्या जागी ती विचाराने उभी आहे आणि गाण्यात शरीराने, पण दोन्हीकडे अर्धवट नाही. संकोच झाला असेल, तो शूटिंगच्या बाहेर. कॅमेरा सुरू असताना तिने काम पूर्ण केलं.

पुढची चार वर्षं

मिळालेल्या नावाचं तिने काय केलं, हे तपासल्याशिवाय प्रकरण पुरं होत नाही. १९८५ मध्ये पद्मश्री. त्याच वर्षी जी. अरविंदन यांचा मल्याळम 'चिदंबरम', केरळच्या डोंगरातल्या सरकारी फार्मवर नवऱ्याबरोबर नव्याने आलेली शिवकामी. त्यात तिला बोलायला फारसं नाहीच. मुंबईतल्या यशस्वी नायिकेने अशा भूमिकेसाठी दक्षिणेत जाणं, याला मी तिच्या निर्णयाचं उत्तर मानते.

आणि 'मिर्च मसाला'. केतन मेहतांचा हा चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा ती नव्हती. २८ नोव्हेंबर १९८६ रोजी मुलगा झाला आणि बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीत १३ डिसेंबरला ती गेली. वय एकतीस. आधी केलेले कितीतरी चित्रपट नंतर येत राहिले, त्यांतला हा सगळ्यांत मोठा.

स्मिताची सोनबाई सुभेदाराला नकार देते आणि मिरचीच्या कारखान्यात आसरा घेते. गाव तिला त्याच्या हवाली करायला तयार होतं. शेवटी कारखान्यातल्या बायका कापडात भरलेलं तिखट सुभेदाराच्या तोंडावर फेकतात आणि हातात विळा घेऊन सोनबाई समोर उभी राहते. शहरातले समीक्षक या शेवटाला प्रतीक म्हणतात. आमच्या वर्गात तो प्रतीक म्हणून कुणी बघत नाही. ती धूळ डोळ्यांत गेली की काय होतं, हे निम्म्या मुलींच्या घरात माहीत आहे. सुभेदार ओरडतो तेव्हा काही जणी नकळत आपलेच डोळे मिटून घेतात.

आजच्या मुलींसाठी

हे प्रकरण जुनं वाटू नये म्हणून शेवटी मी आजचा पेच ठेवते, कारण तो माझ्यासमोर दरवर्षी येतो. एकांकिका स्पर्धेत चमकलेली मुलगी. यूट्यूबवरच्या अहिराणी विनोदी व्हिडिओत काम मिळतंय. तिथे पैसे लगेच, गावभर ओळख, पण साच्यातली भांडकुदळ बायको करावी लागते. दुसरीकडे मुंबईच्या मालिकेत छोटं काम मिळू शकतं, पण बोलण्यातलं खान्देशी वळण काढून टाका म्हणतात. तिसरीकडे प्रायोगिक नाटक, जिथे खिशातले पैसे जातात.

स्मिताचं नाव घेऊन मी कुणाला एकच वाट दाखवत नाही. पण तीन गोष्टी विचारायला लावते. या कामातून पुढच्या कामासाठी काय हातात येईल : नाव, पैसा की कसब? हे काम घेतलं तर दुसरं दार बंद होतं का? आणि तुझं काम कोणत्या चौकटीत दाखवलं जाईल, त्यावर तुझा काही अधिकार आहे का? 'चक्र'च्या पोस्टरपासून आजच्या व्हिडिओच्या थंबनेलपर्यंत तिसरा प्रश्न बदललेला नाही. गेल्या खेपेला एका मुलीने भांडकुदळ बायकोचं काम घेतलं, पण थंबनेलवर आपला फोटो दाखवून विचारल्याशिवाय लावायचा नाही, अशी अट घातली. ती मान्य झाली.

कुणाला हे प्रकरण वर्गात घ्यायचं असेल तर क्रम असा ठेवा. आधी 'उंबरठा' पूर्ण दाखवा, मग 'शक्ती'तले तिचे प्रसंग, मग 'चक्र'चा अंघोळीचा प्रसंग आणि त्याचं पोस्टर शेजारी शेजारी. पावसातलं गाणं सगळ्यांत शेवटी. ते आधी दाखवलं तर मुलं फक्त गाण्यावर बोलतात. 'सद्गती' छोटा आहे, एका तासिकेत जवळपास बसतो, तो वेळ उरला तर घ्या. 'मिर्च मसाला'ला मात्र वेगळा दिवस द्या, आणि जमलं तर पथारीवर काम करणाऱ्या एकदोन बायकांना बोलवा. त्यांच्यासाठी कार्यक्रम संध्याकाळी सातनंतर ठेवावा लागतो, त्याआधी त्या कामावरून सुटत नाहीत.